दुसऱ्याच्या गळ्यातलं रडणं

मी डबिंगच्या स्टुडिओत रेकॉर्डिंगला असतो. पडद्यावर तेलुगू सिनेमातली आई रडते, माईकसमोर आमच्याकडची कुणी मराठीत रडते आणि मी काचेपलीकडे बसून लेव्हल सांभाळतो. रडण्याचा सीन आला की मुरलेले कलाकार अर्धं पाऊल मागे सरकतात, मान जराशी तिरकी करतात. नाहीतर हुंदका थेट माईकवर आदळतो, मीटर लाल होतं आणि टेक वाया जातो. नवखे मात्र खरंच रडायला लागतात. नाक चोंदतं, शब्द कळेनासे होतात. मग पाणी द्यायचं, थांबायचं, पुन्हा घ्यायचं.

त्यामुळे ‘स्ले बेल्स’ या ब्रुकलिनच्या जोडीचा ‘रेन ऑफ टेरर’ हा 2012 चा अल्बम ऐकताना मला आधी प्रश्न पडला तो माझ्या धंद्यातला. दुःख जोडीतल्या डेरेक मिलरचं, मग गळा अलेक्सिस क्राउसचा का?

मिलर आधी फ्लोरिडातल्या ‘पॉयझन द वेल’ या हार्डकोर बँडमध्ये गिटार वाजवायचा. 2008 मध्ये तो ब्रुकलिनमधल्या एका रेस्टॉरंटात वेटर होता आणि गाणारी मुलगी शोधत होता. क्राउस तिथे आईबरोबर जेवायला आली होती, आणि लेकीचं नाव पुढे केलं ते आईनेच. 2009 मध्ये मिलरचे वडील मोटरसायकलच्या अपघातात गेले. पुढे त्याच्या आईला कॅन्सर निघाला. 2010 चा पहिला अल्बम ‘ट्रीट्स’ म्हणजे मीटर मुद्दाम लाल ठेवून केलेला दंगा. आमच्याकडे असा टेक दिला तर नोकरी जाईल. दुसऱ्या अल्बममध्ये घरातलं सगळं आलं. त्यातल्या एका गाण्याचं नाव ‘लीडर ऑफ द पॅक’. 1964 मध्ये ‘द शांग्री-लाज’ या मुलींच्या गटाचं याच नावाचं गाणं गाजलं होतं, आणि त्यातला प्रियकर मोटरसायकलवरच मरतो. बापाच्या मरणाला मुलाने पोरींच्या जुन्या पॉप गाण्याचं नाव दिलं, आणि गायला दिलं एका मुलीलाच. मला हे थिल्लर वाटत नाही. सरळ बोलता आलं असतं तर एवढा वळसा कुणी घातला नसता.

पण हे चालतं का? आपल्याकडे याचं उत्तर कडक आहे. याज्ञवल्क्य स्मृती सांगते की आप्तांनी गाळलेले अश्रू मेलेल्याला नाइलाजाने भोगावे लागतात, तेव्हा रडू नये, क्रिया करावी. आमच्या घरी वडील गेले तेव्हा काकूने हेच सांगितलं, तिच्या भाषेत: ‘रडू नकोस रे, त्यांचा पाय निघायचा नाही.’ पिंड मुलानेच द्यायचा, ते काम दुसऱ्यावर टाकायचं नाही. रडण्याबद्दल मात्र कुणी काही सांगत नाही. ते करायचंच नसतं, तर सोपवायचं कुठून?

ख्रिस्ती परंपरेत ऑगस्टिनने हा पेच उघड मांडला आहे. 387 मध्ये रोमजवळच्या ओस्तियात त्याची आई मोनिका गेली. त्याने तिचे डोळे मिटले आणि आपलं रडू दाबलं. त्याचा मुलगा अदेओदातुस मोठ्याने रडला, तर सगळ्यांनी त्याला गप्प केलं. मग एव्होदियुस नावाच्या मित्राने स्तोत्रांचं पुस्तक घेऊन गायला सुरुवात केली आणि घरातल्यांनी साथ दिली. पोराचा टाहो बंद, दुसऱ्याने रचलेलं गाणं सुरू. हाच ऑगस्टिन पुढे लिहितो, की गाण्यातल्या आशयापेक्षा गाण्यानेच आपण हललो तर ते पाप आहे.

त्याची ही शंका या अल्बमला नेमकी लागू पडते, कारण यातली चाल गोड आहे आणि ताल पायाला सोडत नाही. कुणाच्या तरी बापाच्या अपघातावर मी लोकल ट्रेनमध्ये ठेका धरतो. मला ते खटकतं, आणि तरी मी ते गाणं पुन्हा लावतो.

मला वाटतं, मिलरची बाजू घ्यायला आधार आहे, आणि तो गाण्याच्या घडणीतच आहे. क्राउस रडण्याचा अभिनय करत नाही. आवाजाचे थरावर थर चढवलेले, मऊ, जवळजवळ शाळकरी. माझ्या स्टुडिओत ज्याला ‘इमोशन टाका’ म्हणतात ते ती टाकत नाही. कर्कश आहे ती मिलरची गिटार, आणि ती त्याने कुणाला दिलेली नाही. टाहो स्वतःपाशी ठेवला, फक्त शब्द सोपवले. अदेओदातुस आणि एव्होदियुस एकाच वेळी चालू आहेत, कुणी कुणाला गप्प करत नाही. म्हणून याला मी भाड्याचं रडणं म्हणणार नाही. मात्र रात्रीमागून रात्र मंचावर हेच गायचं तर क्राउसच्या वाट्याला काय येतं, याचं उत्तर मला त्या गाण्यांत सापडत नाही. पिंड देणाऱ्याला निदान तेरावा असतो.

ऑगस्टिन शेवटी एकांतात रडलाच. ते पाप वाटलं तर हसू नका, माझ्यासाठी रडा, असं तो वाचकाला विनवतो. आईसाठी रडलो ते तासाचा एक लहानसा भाग, एवढीच त्याची सबब. ‘रेन ऑफ टेरर’ पाऊण तासाच्या आत संपतो. ऑगस्टिनच्या हिशेबात तो बसायला हरकत नसावी.