घरचं बी, परक्याचं रान

दहावी झाल्यावर दोन वर्षं मी सेलूच्या एका फोटो स्टुडिओत हाताखाली होतो. देवगाव फाट्यावरून सकाळच्या एसटीनं जायचं, सांजच्याला परत. 1980 च्या आसपासची गोष्ट. मालकाकडं जुना यॅशिका कॅमेरा होता. बघायच्या काचेत एका माणसाचे दोन दिसायचे. कडं फिरवून दोघं एकावर एक बसले की फोटो नीट यायचा.

रोल आम्हीच भरायचो. 100 फुटांची फिल्म आणायची, मिट्ट अंधारात भिंतीवरच्या दोन खिळ्यांच्या मापानं कापायची, फिरकीला चिकटवून डबीत घालायची. 36 फोटोंचे 18 रोल निघायचे, तयार रोलापेक्षा पुष्कळ स्वस्त. डब्या त्याच त्या. डबीच्या तोंडाला उजेड अडवायला मखमलीची पट्टी असते. त्यात खडा अडकला की फिल्मवर शेवटपर्यंत रेघ उठते. जर्मनीच्या लायकाची पितळी डबी कॅमेऱ्यात गेल्यावर तोंड उघडायची, फिल्म कशाला घासायचीच नाही, हे मला फार पुढं कळलं. आमच्याकडं फक्त फुंकर होती.

एका लग्नाच्या आदल्या रात्री एका डबीची मखमल बोटाला खरखरीत लागली. मालक म्हणले, "चालतंय रे, भर." मी भरली. नवरीच्या बापाच्या तोंडावरून काळी रेघ गेली. मालकानं सांगितलं, "फिल्मच खराब आली." मी खाली मान घालून उभा. वर्षाच्या आत तो बाप वारला. त्या घरात त्याचा दुसरा फोटो नव्हता.

काटकसर पाप नाही. आम्ही कास्तकार घरचं सोयाबीन बियाणं म्हणून राखतो. पेरायच्या आधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो, 70 तरी उगवले तरच पेरतो. आणि समजा फसलंच, तर रान आपलं, नुकसान आपलं.

त्या डबीत तसं नव्हतं. वाचलेले पैसे आमचे, आणि जोखीम त्या माणसांची, त्यांना न विचारता. मला वाटतं, काटकसर आणि लबाडी यांच्यामधला बांध इथंच आहे. जुनं वापरावं, पण परक्याच्या रानात पेरताना दाणे दुप्पट तपासावेत.

मालकाला दोष देऊन मी सुटत नाही. खरखर माझ्या बोटाला लागली होती.