साखर नॉर्मल, तहान कायम

आपल्याकडे सारखी तहान आणि सारखी लघवी म्हटलं की पुढचा शब्द 'शुगर' हाच येतो. बेळगावचे माझे मामा बेंगळुरूला मुलाकडे राहायला आले, तेव्हा त्यांचीही पहिली तपासणी तीच झाली. उपाशीपोटीची, जेवणानंतरची, तीन महिन्यांची सरासरी, सगळं नॉर्मल. पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. मामा मात्र रात्रीतून चार-चार वेळा उठत होते आणि दर वेळी तांब्याभर पाणी पिऊन पुन्हा आडवे होत होते. साखर नसल्याचा कागद हाती आला आणि त्या तहानेची चौकशीच बंद झाली.

त्याला आणखी एक कारण होतं. मामा वर्षानुवर्षं लिथियम घेतात. मनाच्या आजाराचा शिक्का बसलेल्या माणसाच्या शरीराची तक्रार आपण अर्ध्या कानाने ऐकतो. "सवय लागलीय त्यांना," असं घरातलेच म्हणू लागले. हे अगदीच निराधार होतं असंही नाही. काही मनोरुग्ण खरोखरच अनावर पाणी पितात, आणि त्यामुळे रक्तातलं सोडियम घसरून झटकेही येऊ शकतात. शंका रास्तच होती. ती तपासून पाहावी असं मात्र कुणाच्या मनात येत नव्हतं. मामींनी उशाशी तांब्या ठेवणं बंद केलं, तेही काळजीपोटीच.

ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादाच्या रुग्णांवरच्या लिथियमच्या परिणामाविषयी लिहिलं, तेव्हापासून या साध्याशा क्षाराने असंख्य घरं सावरली आहेत. होसूर रोडवरच्या निम्हान्स या मनोरुग्णालयाच्या आवारात नातेवाइकांच्या गप्पांत 'लिथियम लेव्हल' हे शब्द रक्तदाबाच्या आकड्यासारखे सहज येतात. मामांनी नोकरी निवृत्तीपर्यंत केली ती याच गोळीच्या आधारावर. म्हणून तिला खलनायक ठरवणं मला मान्य नाही. पण तिचा एक हिशेब मूत्रपिंडात चुकता होत असतो.

मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन रक्तात सोडते. मूत्रपिंडातल्या शेवटच्या नळ्यांपर्यंत ते पोचलं की तिथल्या पेशी ॲक्वापोरिन-२ नावाची पाण्याची दारं उघडतात आणि लघवीवाटे निघालेलं पाणी रक्तात परततं. लिथियम सोडियमच्याच वाटेने या पेशींत शिरतं आणि दारांची संख्या घटवतं. हार्मोन भरपूर असतं, पण मूत्रपिंड त्याला दाद देत नाही. नेफ्रोजेनिक डायबिटीस इन्सिपिडस म्हणतात तो हा. मोठ्या माणसांत त्याचं सर्वांत नेहमीचं कारण लिथियमच. रक्तात कॅल्शियम वाढणं, पोटॅशियम उतरणं, मूत्रमार्गात दीर्घकाळ अडथळा राहणं ही इतर कारणं. जन्मजात प्रकार विरळा. त्यातल्या दहापैकी सुमारे नऊ कुटुंबांत दोष एक्स गुणसूत्रावरच्या, व्हॅसोप्रेसिनच्या व्ही-२ ग्राहीच्या जनुकात असतो, त्यामुळे तो प्रामुख्याने मुलग्यांना भोवतो. अशा तान्ह्याला वारंवार ताप येतो, उलट्या होतात, वजन वाढत नाही, आणि पाणी मागायला त्याला तोंड फुटलेलं नसतं.

मामांच्या बाबतीत कोडं सुटायला सुरुवात झाली ती प्लास्टिकच्या कॅनने. चोवीस तासांची लघवी साठवायला सांगितली होती. मोठ्या माणसात तीन लिटरच्या वर गेली की ती जास्त धरतात. मामांचा दुसरा कॅनही भरत आला. रक्तातलं सोडियम वरच्या काठाला टेकलेलं निघालं. नुसत्या सवयीने पाणी पिणाऱ्याचं ते सहसा खालच्या बाजूला असतं. एवढा एक आकडा घरातल्या सगळ्या तर्कांवर भारी पडला.

तरी खात्री करायची तर पाणी तोडूनच पाहावं लागतं. मामा निर्जला एकादशी कधीच सोडून बसले होते, ती इथं डॉक्टरांच्या देखरेखीखाली घडली. ठरावीक वेळाने वजन, रक्त, लघवी. वजन तीन टक्क्यांच्या वर उतरलं तर चाचणी तिथंच थांबवायची. निरोगी माणसाची लघवी अशा वेळी घट्ट होत जाते, मामांची पाण्यासारखीच राहिली. मग डेस्मोप्रेसिन हे कृत्रिम हार्मोन दिलं. हार्मोनचीच उणीव असती तर लघवीची तीव्रता निम्म्याहून अधिक वाढली असती. ती जेमतेम हलली. आता कोपेप्टिन नावाच्या रक्ततपासणीने हा छळ पुष्कळदा टाळता येतो: पाणी न तोडताही त्याची पातळी २१.४ पिकोमोल प्रतिलिटरच्या वर असली, तर दोष मूत्रपिंडाकडे आहे असं मानतात. जिथं ती होते तिथं ती आधी मागावी, असं मला वाटतं.

उपाय ऐकून मामी चक्रावल्या. मीठ कमी करा, हे ठीक; पण लघवी कमी व्हावी म्हणून लघवीचीच गोळी? ॲमिलोराइड लिथियमची पेशीत शिरण्याची वाट अडवतं, म्हणून ती. लिथियम चालू ठेवायचं की बदलायचं, हे मानसोपचारतज्ज्ञ आणि मूत्रपिंडतज्ज्ञांनी मिळून ठरवायचं. आपल्या मनाने बंद करायचं नाही. आणि पाणी कधीही तोडायचं नाही. शरीर सुकलं की लिथियम रक्तात साचतं, मग हात थरथरतात, तोल जातो, शुद्धही हरपू शकते. उशाशी तांब्या परत आला.

मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत पाण्याचे हाल झाले. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजारांचा दंड होता. सोसायटीत जपून पाणी वापरायच्या सूचना लागल्या होत्या, आणि मामा दुसऱ्याच्या घरी गेल्यावर पाणी मागायला लाजू लागले होते. आजार कळला होता, तरी एवढं पाणी पिणं त्यांना स्वतःलाच उधळपट्टी वाटत होतं.

पुढे हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा खरी धास्ती होती ती 'रात्रीपासून काही घेऊ नका' या नेहमीच्या सूचनेची. 'डायबिटीस' हा शब्द वाचून साखरेचाच रुग्ण समजण्याचे घोटाळे जगभर झालेत; २०२२ मध्ये अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थांनी या आजाराचं नाव बदलून 'व्हॅसोप्रेसिन-प्रतिरोध' असं सुचवलं, त्यामागे हेही एक कारण होतं. फायलींवर जुनंच नाव चालतं. म्हणून मामींनी डॉक्टरांकडून एक चिठ्ठी लिहून घेतली: तोंडाने पाणी बंद असेल तेवढा वेळ शिरेतून डेक्स्ट्रोज द्यावं, नुसतं सलाईन नको, सोडियम वरचेवर तपासावं. ती इंग्रजीत होती. रात्रपाळीच्या सिस्टरसाठी शेजारणीकडून त्यांनी ती कन्नडमध्येही उतरवून घेतली आणि फाईलच्या पहिल्या पानावर टाचली.