लेखकाचा दोष आणि लेखकाचा मोबदला

काम मनाजोगें झालें नाहीं म्हणून मोबदला नाकारणें न्याय्य आहे काय? प्रश्न जुनाच आहे; परंतु आमच्या छत्रपति संभाजीनगरास तो आतां नव्या रूपांत भेटतो. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींतून यंत्रें बाहेर पडतात, आणि यंत्राबरोबर तें चालवावें कसें, राखावें कसें, हें सांगणारें माहितीपुस्तक द्यावें लागतें. तें लिहिण्याचें काम कित्येकदां करारानें नेमलेल्या बाहेरच्या लेखकाकडे जातें, आणि तेथेंच तंट्याचें बीज पडतें.

असा प्रसंग कल्पावा. लेखकानें दोन महिने खपून पुस्तक दिलें. कारखानदार म्हणतो, "हें कोणास समजत नाहीं, पैसे मिळणार नाहींत." लेखक म्हणतो, "मागितलेले नकाशे तुम्हीं दिले नाहींत. यंत्रही एकदांच दाखविलें." दोघेही खरें बोलत असतील, तरी भांडण मिटत नाहीं. करारांत पानें, तारीख व रक्कम लिहिली होती. चांगलें कशास म्हणावयाचें, तेवढें लिहावयाचें राहिलें होतें.

पैठणीचा पदर उलटून पाहिला कीं विणकराचें कसब कळतें. माहितीपुस्तक मात्र वापरल्यावांचून पारखतां येत नाहीं. म्हणून आमच्या मतें या तंट्याचा पहिला पंच कामगार असावा. ज्यानें तें यंत्र पूर्वीं हाताळलें नाहीं, अशाच्या हातीं पुस्तक द्यावें, जाणत्याची देखरेख ठेवावी, आणि तो जेथें जेथें अडेल तें टिपावें. माहिती मिळूनही जें चुकलें तें लेखकानें विनामूल्य सुधारावें. माहिती न मिळाल्यानें जें चुकलें त्याच्या दुरुस्तीचा खर्च मालकानें सोसावा. मात्र माहिती नाहीं हें ठाऊक असतां जो लेखक अंदाजानें वाक्य दडपून देतो, त्याचा दोष आम्हांस सर्वांत मोठा वाटतो.

1872 सालचा कराराचा कायदा याहून फार निराळें सांगत नाहीं. 73 व्या कलमान्वयें करारभंगापासून स्वाभाविकपणें झालेल्या नुकसानीची भरपाई मिळते, दूरच्या व अप्रत्यक्ष नुकसानीची नाहीं. आणि तें निवारण्याचे कोणते उपाय हातीं होते, हेंही पाहावें लागतें. 74 व्या कलमान्वयें करारांत दंडाचा आंकडा लिहिला असला, तरी त्याच्या मर्यादेंत वाजवी तेवढीच रक्कम देववितात. न्यायालयाची पायरी चढावयाची नसेल, तर 1996 च्या कायद्यानें लवादाची व समेटाची वाट मोकळी आहे. लवादाची संमति मात्र लेखी हवी.

परंतु एक गोष्ट कायद्याची वाट न पाहतां ठरावी. पुस्तक टाकाऊ म्हणून पैसे नाकारावे, आणि तेंच पुस्तक यंत्राबरोबर गिऱ्हाइकाकडे धाडावें, ही आमच्या मतें उघड लबाडी होय. नाकारावयाचें तर वापरूं नये; वापरावयाचें तर मोल द्यावें. लेखकानेंही आपला दोष दिसतांच अहंकार सोडून लेखणी पुन्हा हातीं घ्यावी. तंटा दोघांचा असला, तरी चुकीच्या वाक्यावर विसंबून यंत्रांत हात घालणारा तिसराच असतो. आणि त्याची सही त्या करारावर कोणींच घेतलेली नसते.