शिंगाची शुद्धी

विष्णूच्या धनुष्याचे शार्ङ्ग हे नाव आपण पूजेत नित्य उच्चारतो. ते शृंगापासून, म्हणजे शिंगापासून झाले आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. शिवाच्या अभिषेकास शिंगाचे पात्र वापरण्याची चालही आपल्याकडे आहे. मेलेल्या जनावराच्या डोक्यावरून निघालेली वस्तू गाभाऱ्यात कशी चालते, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले तर वडीलधारी मंडळी 'चालते' एवढेच सांगून मोकळी होतात. प्रश्न मात्र पोरकट नाही.

आधी वस्तू पाहू. म्हशीचे वा गव्याचे शिंग दोन पदार्थांचे असते: आत हाडाचा गाभा आणि त्यावर केराटिनचे आवरण. आपली नखे व केस ज्या द्रव्याचे, तेच हे. सांबराचे शिंग निराळे. ते हाडच असते, दरवर्षी गळून पडते आणि शेकल्याने असे मऊ होत नाही. शिंग चपटे करण्याची विद्या पहिल्या जातीच्या शिंगासच लागू पडते.

ताजे शिंग गाभ्यापासून सहजासहजी सुटत नाही. ते बरेच दिवस पाण्यात भिजत ठेवावे लागते. मधला पडदा कुजला म्हणजे गाभा सैल होतो व ठोकून काढता येतो. या कामाची दुर्गंधी फार उग्र असते. टोकाकडचा भरीव भाग कापून मुठी व गुंड्या यांसाठी निराळा ठेवतात. बुडाकडील पोकळ भाग उभा चिरून उकळत्या पाण्यात ठेवतात, किंवा तेल लावून विस्तवावर शेकतात. कारागिराचे सारे कसब या घटकेत आहे. कमी तापले तर उलगडताना तडकते. अधिक तापले तर केस जळाल्याचा वास सुटतो आणि माल ठिसूळ होऊन वाया जातो. नेमके तापलेले शिंग चिमट्याने उलगडावयाचे, तापविलेल्या दोन लोखंडी पत्र्यांमध्ये दाबावयाचे आणि पुरते निवेपर्यंत भाराखाली ठेवावयाचे. घाईने काढले तर ते पुन्हा वळते. पुढे केव्हा तरी कढत पाण्यात पडले तरी ते आपला मूळचा बाक धरू पाहते. म्हणून शिंगाच्या मुठीची सुरी उकळत्या पाण्यात टाकू नये. असे सपाट झालेले तुकडे पात्याच्या दोन्ही अंगांस पितळी खिळ्यांनी जडवितात, घासतात आणि झिलई देतात. ती गुळगुळीत काळी मूठ हाती घेणाऱ्याला त्या कुजक्या पाण्याची कल्पनाही येत नाही.

आपल्या विजयदुर्गास गव्याच्या शिंगाचे नक्षीकाम पूर्वी प्रसिद्ध होते. ओडिशात पारलाखेमुंडी व उत्तर प्रदेशात संभळ ही म्हशीच्या शिंगाच्या कामाची नावाजलेली ठिकाणे.

आता शुद्धीचा प्रश्न. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शंख, शिंग, हाड व हस्तिदंत यांच्या शुद्धीचा नियम दिला आहे. गोमूत्राने अथवा पाण्याने ती होते. नियम व्यवहारी आहे, आणि वकिलाच्या दृष्टीने पाहता सुटसुटीतही. जनावर कसे मेले, शिंग कोणी उतरविले, याची त्यात विचारपूस नाही. पाणी लागले की वस्तूचा इतिहास संपला.

परंतु ज्याने ते शिंग उतरविले त्या माणसाचे काय? मेलेले ढोर ओढून नेण्याचे काम गावगाड्याने महारांच्या गळ्यात बांधले होते. शिंग धुऊन शुद्ध होत असे. हा माणूस कशानेही होत नसे, इतकेच काय, ज्या पाण्याने शिंग शुद्ध व्हावयाचे त्या पाण्यास हात लावण्याची त्याला मुभा नव्हती. मार्च 1927 मध्ये महाडास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस खाण्याचे सोडा असे आपल्या लोकांना सांगितले आणि चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातनी मंडळींनी ते तळे पंचगव्याने 'शुद्ध' करून घेतले. म्हणजे शिंगाला जे गोमूत्र पुरत होते, ते माणसाला न लावता माणसाने स्पर्श केलेल्या पाण्याला लावले गेले. ज्या बुद्धीने शिंग गाभाऱ्यात येऊ दिले त्याच बुद्धीने हे केले, याचा मला आजवर उलगडा झालेला नाही.

कोणी म्हणेल, ते काम कोणाला तरी करावेच लागे. मान्य. पण आवश्यक काम करणारा हीन कसा ठरतो, हे त्या युक्तिवादातून सिद्ध होत नाही. 'प्लॅस्टिकची मूठ घ्यावी म्हणजे झाले' असे सुचविणारेही आहेत. त्याने विकत घेणाऱ्याचे मन स्वच्छ राहील. दूध आटल्यावर विकलेली म्हैस कोठे गेली, हे विचारण्याचे त्याचे राहिलेच.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिंगाकडे अगदी वेगळ्या दृष्टीने पाहिले. गव्यास त्याने संरक्षण दिले, आणि रानात आपोआप मेलेल्या गव्याचे शिंगही शासनाची मालमत्ता ठरविली. ज्या कारागिराने कधी बंदूक धरली नाही त्याच्यावर हा अन्याय नव्हे काय? कठोरपणा आहे खरा. तरी मी कायद्याच्या बाजूने आहे, कारण तयार झालेली फणी साक्ष देऊ शकत नाही. गवा म्हातारपणाने मेला की गोळीने, हे घासून झिलई दिलेल्या वस्तूवरून कोणते न्यायालय सांगणार? गवा आज गोमंतकाचा राज्यप्राणी आहे. मनूच्या नियमात जी विचारपूस नव्हती ती येथे आहे. मात्र तीही जनावरापाशीच थांबते.

मला शिंग निषिद्ध वाटत नाही. मेलेल्या म्हशीचे शिंग पुरून टाकण्यापेक्षा त्याची मूठ झालेली बरी. आमच्या देवस्थानांत सेवेकऱ्यांचे मान ठरलेले असतात: वाजंत्र्यांचा, दिवटी धरणाऱ्याचा, पालखीच्या भोयांचा. अभिषेकाचे शिंग उतरविणाऱ्याचा मान मात्र कोठे लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. कित्येक ठिकाणी आता चांदीची किंवा पितळेची शृंगी आली आहे. आकार तेवढा शिंगाचा ठेवला आहे, तोच बाक आणि तेच निमुळते टोक.