कडेचा डाग

“कड गेली की नाणं संपलं. चांदीच्या भावात देऊन टाका.” नाणी जमवणाऱ्या एका स्नेह्यांनी आजीच्या डबीतला राणीछाप रुपया माझ्या तळहातावर परत ठेवला. त्याला महिना झाला, पण ते ‘संपलं’ काही डोक्यातून जात नाही.

रुपया १८६२चा. राणीचं नाक जरा बसलंय, बाकी चेहरा शाबूत. कडेचे दाते मात्र एका जागी साफ बुजलेले. पहिला संशय अर्थातच चोरीचा. कड कातरून चांदी लांबवण्याचा धंदा जुना. तो अडवायलाच तर कडेला दाते आले.

झीज आणि कातर या दोन गोष्टी मी कधी एक मानत नाही. झीज हजार हातांची, तिचा आरोपी सापडत नाही. कातरीमागे एकच हात असतो. सरकारलाही हे कळत होतं. १९०६च्या नाणे कायद्याने दोन टक्क्यांपर्यंत घटलेला रुपया चालवून घेतला. लबाडीने वजन उतरवणाऱ्याला मात्र दंडसंहितेत सात वर्षांपर्यंत कैद होती.

शेवटी सराफाकडे गेलो. राणीछाप म्हणजे तोळाभर, ११.६६ ग्रॅम. काट्यावर आले ११.७४! चोर चांदी नेतो, वर घालून जात नाही. सराफाने भिंग लावलं. “डाख आहे. इथे कडी होती. माळेतला रुपया.”

म्हणजे डागच, पण दुसऱ्या अर्थाने. आपल्याकडे डाग कपड्याला पडतो आणि बाईच्या अंगावर चार डाग असतातही. इंग्लंडात १६६२पासून चांदीच्या मोठ्या नाण्यांच्या कडेवर लॅटिन अक्षरं कोरत. अर्थ असा : शोभा आणि संरक्षण. पुढे १६९६मध्ये न्यूटनसाहेब टांकसाळीत आले आणि गुरुत्वाकर्षण बाजूला ठेवून नाणी कातरणाऱ्यांच्या आणि खोटी पाडणाऱ्यांच्या मागे लागले. तिथे शोभा नाण्याची, संरक्षण राजाच्या चांदीचं. इथे त्याच कडेवर कुणा सोनाराने कडी बसवली, आणि दोन्ही गोष्टी एका बाईच्या गळ्यात गेल्या.

हे सगळं स्नेह्यांना ऐकवून त्यांना गप्प करायचं ठरवलं होतं. पण विचार करता करता त्यांचंच म्हणणं पटू लागलं. नाणं संपलंच होतं. फक्त ते कड गेल्यामुळे बिघडलं, हे खोटं. कुणीतरी ते ठरवून बाजारातून उठवलं. बंदा रुपया म्हणतात तो हाच : न मोडलेला, न मोडायचा.

मग कडी काढली कुणी? ती तोडून जागा कानशीने घासली आहे, म्हणजे मोडायची वेळ आलीच होती. भिंग मागून घेऊन मी पुन्हा पाहिलं. कानशीचे ओरखडे अजून धारदार आहेत. त्यांच्यावर झीज नाही.