अनामत आणि जामीन

तुरुंगातून सुटलेल्या माणसांना आणि जामिनाअभावी आत अडकलेल्यांना मदत करणाऱ्या एका लहानशा ट्रस्टचा मी गेली काही वर्षे विश्वस्त आहे. ट्रस्टचे नाव सांगत नाही. मिरवण्यासारखे काम फार नाही आणि जे सांगायचे आहे ते बरेचसे आमच्या चुकीविषयी आहे. आम्ही सात जण आहोत. दोन व्यापारी, एक वकील, एक डॉक्टर, एक निवृत्त तहसीलदार, मशिदीचे माजी मुतवल्ली असलेले हाजीसाहेब आणि मी, जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त शिक्षक. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर बैठक होते. चहा येतो, मागच्या सभेचे इतिवृत्त वाचले जाते, मग अर्ज समोर येतात.

"मास्तर, यतीम मुलं आहेत, बेवा बाया आहेत, त्यांना सोडून चोरांची खिदमत कशाला?" हा प्रश्न मला मोहल्ल्यात नेहमी ऐकावा लागतो. त्याला दुसरी एक धार असते: आधीच आपली बदनामी काय कमी आहे? या लोकांना मी आकडे सांगून पाहिले. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ सालच्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसे होती आणि त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होती. म्हणजे चारातल्या तिघांचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नव्हता. २०११च्या जनगणनेत आपण देशात १४ टक्क्यांच्या आसपास होतो. तुरुंगातले आपले प्रमाण त्याहून बरेच जास्त आहे. आकडे ऐकून लोक मान डोलावतात आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतात. आता मी आकडे सांगत नाही. शिवाय आमच्या विश्वस्तपत्रात जातधर्म न पाहता मदत करावी असे लिहिलेले आहे, आणि येणाऱ्या अर्जांत निम्मे तरी इतरांचे असतात. पारधी वस्तीतले, दलित वस्तीतले. ज्यांच्याकडे पोलीस आधी संशयाने बघतात आणि मग चौकशी करतात, ते सगळे एकाच रांगेत उभे असतात.

पण हा लेख बाहेरच्या प्रश्नाविषयी नाही. आतल्या, त्या माडीवरच्या प्रश्नाविषयी आहे.

आपल्या बोलण्यात दोन शब्द आहेत. दोन्ही अरबीतून आले आणि मराठीत इतके मुरले की त्यांचे मूळ गाव आता कुणाला आठवत नाही. एक 'जामीन' आणि दुसरा 'अनामत'. हा दुसरा मुळात 'अमानत'. मराठीने अक्षरे मागेपुढे करून त्याची 'अनामत' केली आणि ती विजेच्या मीटरपासून निवडणुकीच्या अर्जापर्यंत सगळीकडे भरायला लावली. अमानत म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने आपल्यापाशी ठेवलेली वस्तू. जामीन म्हणजे मुळात कागद नव्हे, रक्कमही नव्हे. जामीन म्हणजे माणूस, दुसऱ्यासाठी जो उभा राहतो तो. मराठीत 'मी त्याला जामीन राहतो' असे आपण अजून म्हणतो, त्यात तो माणूस शिल्लक आहे. आम्ही सात जण अनामत सांभाळायला बसलो होतो. दारात येणाऱ्याला हवा होता जामीन. ही दोन कामे एकच आहेत की एकमेकांच्या विरुद्ध आहेत, हे मला अजून नीट उमगलेले नाही.

कायदा काय म्हणतो ते आमच्या वकीलसाहेबांना तोंडपाठ आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०, कलम ३६अ. सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या पैशाची आणि मालमत्तेची जेवढी काळजी घेईल, तेवढी विश्वस्ताने ट्रस्टच्या मालमत्तेची घ्यावी. कलम चांगले आहे. या राज्यात देवळांच्या, दर्ग्यांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या मालमत्तांचे काय काय झाले ते आपण पाहिले आहे. असे कलम नसते तर उरलेलेही गेले असते. पण आमच्यासारख्या ट्रस्टला हे कलम लावले की एक विचित्र पेच पडतो. सामान्य शहाणपणाचा माणूस चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्याच्या हाती स्वतःचे बावीस हजार रुपये देईल का? देणार नाही. आणि असे पैसे कुणी देत नाही, म्हणून तर ट्रस्ट काढला.

२०१७ सालची गोष्ट. एक तिशीचा तरुण आला. मालकाच्या गोदामातून माल चोरल्याबद्दल तीन वर्षे आत होता. तिथल्या सुतारकामाच्या कारखान्यात हात चांगला बसला होता. त्याने यादी करून आणली होती: ड्रिल मशीन, रंधा, करवत, पटाशीचा संच. बावीस हजार. अक्षर वळणदार होते, मी शिक्षक असल्याने ते आधी पाहिले. चर्चा झाली. पावत्या ट्रस्टच्या नावाने असाव्यात असे एकजण म्हणाले. दर महिन्याला येऊन कामाचा अहवाल द्यावा असे दुसरे म्हणाले. आणि गावातल्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींची हमीपत्रे आणावीत, ही सूचना माझी होती. शाळेत कुठल्याही अर्जाला दोन साक्षीदार लागत, तशी सवय.

तो शांतपणे म्हणाला, "साहेब, दोन प्रतिष्ठित माणसं माझ्याकडं असती तर मी तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

उद्धटपणे नाही म्हणाला. पण तहसीलदारसाहेबांना ते लागले. तो पुढच्या महिन्यात आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. इतिवृत्तात एक ओळ लिहिली गेली: अर्जदाराने पूर्तता न केल्याने अर्ज निकाली काढण्यात आला. खाली सात सह्या. त्यात माझीही.

या माणसाने जे एका वाक्यात सांगितले ते सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच सांगून ठेवले होते. मोतीराम नावाच्या एका गवंड्याला न्यायालयाने जामीन मंजूर केला, पण खालच्या दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला तर तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली, म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात खडसावून विचारले की गरिबाने असा जामीनदार आणायचा कुठून. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे पडून राहिलेली माणसे उजेडात आली. तरी अजूनही जामीन मंजूर होऊन माणूस आतच राहतो. २०२३ साली केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली, जामिनाला ४० हजारांपर्यंत आणि दंडाला २५ हजारांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या ४७९व्या कलमाने, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला तर, काही अपवाद सोडून, त्याला सोडण्याची सोय केली. सोयी होत आहेत. हे सगळे आम्ही सभेत वाचत होतो, न्यायव्यवस्थेला नावे ठेवत होतो आणि अर्जदाराकडे दोन प्रतिष्ठित व्यक्ती मागत होतो.

दोन वर्षांनी दुसरा अर्ज. मोसंबीची हातगाडी आणि थोडे भांडवल, पंधरा हजार. या वेळी हाजीसाहेबांनी आग्रह धरला, मंजूर झाला. अडीच महिन्यांत त्या माणसाने गाडी विकली, आणि पावसाळ्यात मोटारसायकल चोरीत पुन्हा पकडला गेला. आता आमची माडी हलली. तीन सभा याच विषयावर झाल्या. हिशेबनिसाने शेरा मारला. एका देणगीदाराने दरमहाचे पैसे बंद केले. हाजीसाहेबांनी पंधरा हजार खिशातून भरतो म्हटले, ते आम्ही घेतले नाहीत, पण त्यांना तसे म्हणावे लागले हेच खूप झाले.

या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून पाहतो. हातगाडीवाल्याच्या बाबतीत आमची चूक झाली असेल तर ती वहीत दिसते: तारीख, रक्कम, शेरा. सुताराच्या बाबतीत आमची चूक झाली असेल तर ती कुठेच दिसत नाही. पैसे खात्यात जसेच्या तसे आहेत. उलट त्या वर्षीची शिल्लक चांगली दिसते. देऊन केलेली चूक विश्वस्ताला छळते, नाकारून केलेली चूक त्याला सुखाने झोपू देते. विश्वस्ताची सगळी यंत्रणा, म्हणजे लेखापरीक्षण, धर्मादाय कार्यालय, देणगीदार, पहिल्याच चुकीवर नजर ठेवून उभी असते. मग माणूस हळूहळू नाकारायला शिकतो आणि त्याला जबाबदारी म्हणतो.

सुताराचे पुढचे मला अपघाताने कळले. त्याची आई माझ्याकडे आली, रेशनकार्डाच्या अर्जासाठी. "चाचा, जरा अर्जी लिख के देव ना." बोलता बोलता म्हणाली, पोरगा भिवंडीला असतो, यंत्रमागाच्या गठड्या उचलतो, सुतारकाम सुटले ते सुटलेच. ती अट कुणी घातली होती हे तिला माहीत नव्हते. मी अर्ज लिहून दिला. तिला काही सांगितले नाही. सांगायला हवे होते की नको, हे मला अजून ठरवता येत नाही.

वकीलसाहेबांची बाजू इथे लिहायलाच हवी, कारण ती हलकी नाही. ते म्हणतात, मास्तर, दुसऱ्याच्या पैशावर उदार होणे सोपे असते. ते खरे आहे. आमच्या देणगीदारांत एक बाई आहेत, पापड लाटून पोट भरतात आणि दर रमजानला पाचशे रुपये आणून देतात. तिच्या पाचशे रुपयांवर जुगार खेळायचा अधिकार मला कुणी दिला? एकाने गाडी विकली की पुढच्या अर्जदाराच्या वाट्याचे तेवढे कमी होते, हेही खरे. मी त्यांना एवढेच म्हणतो की त्याच कलमात काळजीच्या आधी ट्रस्टच्या उद्देशाचा उल्लेख आहे. त्या बाईंनी पैसे बँकेत सुरक्षित राहावेत म्हणून दिलेले नाहीत. तसे असते तर त्या स्वतःच बँकेत गेल्या असत्या. वकीलसाहेबांना हे पटत नाही, आणि मलाही ते पुरेसे उत्तर वाटत नाही.

हाजीसाहेबांचे उत्तर वेगळे आहे. जकातीच्या पैशाबद्दल हनफी फिकहात अशी अट आहे की तो घेणाऱ्याच्या मालकीचा व्हायला हवा; दिला की तो त्याचा, त्यावर देणाऱ्याची दोरी राहत नाही. कुरआनात जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत गुलामीत अडकलेल्यांची मुक्तता आहे आणि कर्जात बुडालेलेही आहेत. हाजीसाहेब म्हणतात, यांत 'नेक आणि भरवशाचा' अशी अट मला कुठे दिसली नाही. डॉक्टर लगेच विचारतात, मग चौकशी करायचीच नाही का? हाजीसाहेब हसतात, म्हणतात, गरज आहे की नाही ती चौकशी करा, लायकीची नको.

मला हेही पूर्ण मान्य नाही. एक अर्ज आम्ही नाकारला आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. बायकोला जाळण्याच्या प्रयत्नात शिक्षा झालेला माणूस होता, त्याला तिच्याच गल्लीत दुकान टाकून हवे होते. ती बाई बहिणीकडे राहत होती. आमच्यातला एकजण तिला भेटून आला तेव्हा ती दार उघडायलाही तयार नव्हती. त्या दिवशी माडीवर कुणी कलम काढले नाही. गुन्हेगाराला पुन्हा उभे करताना ज्याला त्याने पाडले त्याच्या अंगावरून जाता येत नाही. सगळेच नकार भित्रेपणाचे नसतात, आणि म्हणूनच हे काम नियमावलीवर सोपवता येत नाही.

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाला एका राजाने उत्तर देऊन ठेवले आहे. औंध संस्थानात १९३९ साली, मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत सुरू झाली. भिंत नाही, कैदी कुटुंबासह राहून शेती करतात. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आपण पाहिलेला असतो, त्यामागे हीच वसाहत होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याच सुमारास आपली सत्ता गावपंचायतींकडे सोपवली होती. गांधीजी ज्याला विश्वस्तवृत्ती म्हणत, तिची ही दोन्ही रूपे. ज्याने आपल्या रयतेवर विश्वास टाकला त्याला कैद्यांवर टाकणे फार जड गेले नसावे. आम्हांला मात्र एकमेकांच्या सह्यांवरही विश्वास नाही, चेकवर तिघांच्या लागतात.

हातगाडीच्या प्रकरणानंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. हमीपत्रांची अट काढली. त्याऐवजी प्रत्येक अर्जासाठी सातांपैकी एका विश्वस्ताने स्वतः उभे राहायचे. पैशाने नाही; त्याच्या घरी जायचे, त्याच्याबरोबर दुकानात आणि बँकेत जायचे, भाड्याच्या खोलीसाठी मालकाशी बोलायचे. ज्याच्यासाठी कुणीच उभे राहत नाही त्याचा अर्ज नामंजूर. दुसरे म्हणजे नाकारलेल्या अर्जांची वेगळी वही केली. वर्षातून एकदा ती वाचायची, आणि त्या माणसाचे पुढे काय झाले याची जमेल तेवढी चौकशी करायची. डॉक्टरांना ही वही म्हणजे उगाच जखम उकरणे वाटते. व्यापारीमंडळी त्या सभेला बहुधा गैरहजर असतात. दुसरे काही सुचेपर्यंत वही चालू आहे.

आता एक नवा अर्ज आहे, तो पैशाचा नाही. खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगून सुटलेला एक गृहस्थ गेली सहा वर्षे आमच्यासाठी धावतो. सुटणाऱ्याला न्यायला पहाटे तुरुंगाच्या दारात तोच उभा असतो. एक विश्वस्त वयोमानाने निवृत्त झाले आहेत; त्या जागी याला घ्यावे असे हाजीसाहेबांनी सुचवले आहे. वकीलसाहेबांनी कलम ४१ड दाखवले: नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या विश्वस्ताला धर्मादाय आयुक्त काढू शकतात. 'शकतात' या शब्दावर तासभर वाद झाला. इंग्लंडमध्येही काही गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांना ठरावीक काळ विश्वस्त होता येत नाही. २०१८ साली तिथले नियम आणखी वाढले, तेव्हा सुटलेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी विरोध केला. ज्यांच्यासाठी संस्था, त्यांनाच तिच्या टेबलाशी बसता येऊ नये, हे त्यांना पटेना. तिथे आयोगाकडे सूट मागता येते.

त्या गृहस्थाला याविषयी अजून विचारलेले नाही. विचारायला कुणी जायचे, यावरच मागच्या सभेत गाडी अडली. शेवटी ते काम माझ्याकडे आले. येत्या रविवारच्या विषयपत्रिकेत हा पाचवा विषय आहे, आणि वकीलसाहेबांनी निरोप पाठवला आहे की त्याच्या नावापुढे कोण उभे राहणार ते आधी लिहून आणा.