पुंडलिकाची पाटी

आषाढी जवळ आली की पुष्कळ माउल्या आम्हांस विचारतात, "महाराज, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. वारीचा नेम मोडतो, काय करू?" प्रश्न साधा नव्हे. नेम हा वारकऱ्याचा प्राण.

पण पंढरीचा क्रम आठवा. चंद्रभागेचे स्नान झाले की आधी वाळवंटी पुंडलिकाचे दर्शन, मग राउळी विठ्ठलाचे. जयघोषातही पुंडलिकाचे नाव आधी. हा अधिकार त्यास कशाने आला? देव दारी आला तेव्हा तो आईबापांच्या सेवेत होता. तो उठला नाही. वीट भिरकावली, थांबा म्हणाला. देव रागावला का? नाही हो, अजून उभाच आहे!

नाथमहाराजांनी रामेश्वरी न्यावयाची गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखी घातली, अशी कथा आहे. गाढवाच्या कोरड्या घशातली देवाची हाक त्यांनी ओळखली.

तेव्हा माउली, सासूबाई पाणी मागतील ती देवाचीच हाक समजा. पेला भरताना मुखी नाम असू द्या. तुमची वारी घरीच घडली. मात्र आळसाला सेवेचे नाव देऊन घरी बसाल, तर वारी चुकलीच.

आणि दिंडीत टाळ घेऊन निघालेल्या पुरुषांनो, एक विचारतो. पुंडलिक हा मुलगा होता, सून नव्हे. मग यंदा तुम्ही आईपाशी बसा, तिला पंढरीस धाडा. 

बोला, पुंडलिक वरदा हारि विठ्ठल!